आशयचा शांतांक

लहान मूल हे ध्वनीचं उगमस्थान असून त्याच्या शांततेची जबाबदारी समाजावर आहे, ही गोष्ट आता सर्व जाणत्या लोकांनी मान्य केलेली आहे. पूर्वीच्या पिढ्यांना हे ठाऊक नव्हतं. त्या मुलांना अंगणात सोडून देत आणि अंधार पडला की मोजून आत घेत. त्यातून जी माणसं तयार झाली ती आज बंगळूरच्या रस्त्यांवर हॉर्न वाजवताना दिसतात. तेव्हा मूल तीन वर्षांचं व्हायच्या आतच त्याला निवांत, ऊबदार, मऊमऊ अशा वातावरणात नेऊन ठेवणं (आणि संध्याकाळी साडेसहापर्यंत बाहेर न काढणं) हे सुजाण पालकांचं कर्तव्य ठरतं.

कोरमंगलातली 'नीरव नेस्ट' ही संस्था या कर्तव्याला वाहिलेली आहे. तिला पाळणाघर म्हणायचं नाही. पहिल्या भेटीत मी तो शब्द वापरला, तेव्हा संचालिका मनस्विनी मॅडमनी डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला आणि मला 'निवांतगृह' असा शब्द दिला. मॅडम मूळच्या मुंबईच्या. आधी त्या एका स्टार्टअपमध्ये लोकांचा किराणा दहा मिनिटांत घरी पोचवत असत. त्या धावपळीचा वीट येऊन त्यांनी बालकांच्या शांततेचं क्षेत्र निवडलं. बंगळूरला येऊन त्यांना नऊ वर्षं झाली. कन्नड येतं का, असं कुणी विचारलं की त्या 'स्वल्प' म्हणतात, आणि खरोखर तेवढंच येतं. (अलीकडे 'सरी'ची, म्हणजे 'बरं'ची, भर पडली आहे.)

वातावरणनिर्मितीबाबत संस्थेची तयारी पाहून मी थक्क झालो. भडक रंगांनी मूल उत्तेजित होतं असं संशोधन आहे. कुणाचं, असं विचारल्यास 'बाहेरचं' असं उत्तर मिळतं. त्यामुळे भिंती सायीच्या रंगाच्या, गालिचे ओट्सच्या रंगाचे आणि पडदे कोरड्या वाळूच्या रंगाचे. खडूंच्या डब्यात सात खडू, सातही तपकिरी. कुणीतरी वाढदिवसाला दिलेला एक लाल चेंडू ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद आहे. गणवेशही ओट्सच्याच रंगाचा असल्यामुळे तनय नावाचा एक मुलगा एकदा गालिच्यावर पालथा पडला, तो चाळीस मिनिटं कुणाला दिसला नाही. तेव्हापासून हजेरी डोळ्यांनी न घेता हाताने चाचपून घेतात.

ध्वनीचंही तसंच. सुरुवातीला स्पीकरवर झऱ्याचं खळखळणं लावत असत. पहिल्याच दिवशी सोळापैकी अकरा मुलांनी त्याला जागच्या जागी प्रतिसाद दिला आणि गालिचे धुवायला टाकावे लागले. मग पावसाची रिमझिम लावली; प्रतिसाद चौदावर गेला. हल्ली नुसती वाऱ्याची झुळूक लावतात. खिडकीबाहेर खरं झाड आहे आणि त्यावर खरा कोकीळ बसतो, पण तो वेळापत्रक पाळत नाही, म्हणून काचा दुहेरी केल्या आहेत.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे शांतांक. प्रत्येक मूल किती शांत आहे हे दर अर्ध्या तासाला शून्य ते शंभर या अंकांत मोजून पालकांच्या फोनवर पाठवलं जातं. या सोयीमुळे पालकांच्या आयुष्यात काय फरक पडला हे शब्दांत सांगणं अवघड आहे. माझ्या ओळखीचे दोन बाप, एरवी सुशिक्षित, एकदाच मिळालेले अठ्ठ्याऐंशी मोठे की सातत्याने मिळणारे सत्याऐंशी पूर्णांक पाच मोठे या प्रश्नावरून पार्किंगमध्ये एकमेकांच्या गळपट्टीपर्यंत गेले होते. मुलं तेव्हा आत झुळूक ऐकत होती.

आता आमचा आशय. वय पावणेतीन. मी पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, बंगळूरला आठ वर्षं. बायको यशश्री इथलीच. तिच्या माहेरचं चिकपेटमध्ये चार पिढ्यांचं कापडाचं दुकान होतं, त्यामुळे त्या घरात मराठी आणि कन्नड यांच्यामध्ये भिंत अशी कधी नव्हतीच. फार तर पडदा, तोही बहुतेक वेळा सरकवलेला. सासूबाई, म्हणजे सरस्वतीबाई, शहराच्या दुसऱ्या टोकाला येलहंक्याला एकट्या राहतात. आशयच्या जन्मापासून त्या आमच्याकडे राहून त्याला सांभाळत होत्या. त्यांच्या राज्यात मुलगा दिवसभर हसत, ओरडत, भांडी बडवत आणि भाजीवाल्याशी वाद घालत असे. मग शांततेविषयीचे दोन लेख माझ्या वाचनात आले.

सासूबाईंनी वाद घातला नाही. चहाचा कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "सरी, जावईबापू. तीन महिने ठेवून बघा तुमच्या त्या मऊ शाळेत. लेकरू रमलं तर मी तोंडातून शब्द काढायची नाही. नाही रमलं तर सोमवार ते शुक्रवार येलहंक्याला माझ्याजवळ. तुम्ही शनिवार-रविवार न्या."

यशश्रीने मान डोलावली. मीही डोलावली, कारण 'नीरव नेस्ट'चाही नेमका नव्वद दिवसांचा स्थिरीकरण कालावधी होता. नव्वदाव्या दिवशी शांतांक साठच्या वर असेल तर जागा कायम. नसेल तर यादीतला पुढचा. म्हणजे माझा मुलगा आठवड्यातले पाच दिवस माझ्या घरी झोपणार की नाही, हे एका अंकावर आलं. पोरगं आठवड्यातून दोनच दिवस दिसणार ही कल्पना मला खरोखर सोसत नव्हती. (नीरव नेस्टमुळे तो मला रोज दीड तास दिसे. त्यातला अर्धा तास तो जेवत नसे.)

पहिले बावीस दिवस भयंकर गेले. एकोणीस, बावीस, सतरा. एका मंगळवारी अकरा. अहवालात कारणं असत: उशीला चावला, दारापाशी उभं राहून 'आज्जी चल' म्हणाला (सव्वीस वेळा), झुळुकीच्या स्पीकरमध्ये पेज ओतली. स्थिरीकरणाच्या काळात आजी-आजोबांनी मुलाला भेटायचं नाही असा नियम आहे, कारण आजी ही लाल चेंडूच्या खालोखाल उत्तेजक मानली जाते. तो नियम आम्ही काटेकोर पाळला. सासूबाई फोनवर 'बरा आहे ना?' एवढंच विचारत आणि आम्ही 'सुधारतोय' असं सांगत असू.

इथे आणखी एक नियम सांगायला हवा. नीरव नेस्ट हा नकारमुक्त परिसर आहे. नकाराने मुलाच्या मनावर ओरखडे उठतात, तेव्हा 'नको', 'नाही', 'नो', 'डोन्ट', 'मत', 'नहीं' अशा एकूण एकवीस शब्दांना आवारात बंदी आहे. मुलाने असा शब्द वापरला तर त्याच्याकडे प्रेमाने आणि बराच वेळ बघतात. कर्मचाऱ्याने वापरला तर त्याच्या नावापुढचा एक तारा काढतात. कन्नडमधून या यादीत 'इल्ला' हा एकच शब्द आहे, कारण तो रिक्षावाल्यांकडून सर्वांना रोज ऐकायला मिळतो.

तेविसाव्या दिवशी सकाळी दहा वाजता आशयपुढे नाचणीची पेज ठेवण्यात आली. आशयने वाटी लांब सारली आणि म्हणाला, "बेड."

एक छोटी भाषिक नोंद करून पुढे जाऊ. कन्नडमध्ये 'बेड' म्हणजे 'नको'. शेवटी एक बारीकसा 'अ' असतो. सासूबाई तो नीट म्हणतात, आशयला तो अजून फुटला नव्हता. इंग्रजीत 'बेड' म्हणजे काय ते आपण जाणताच. आमच्या घरात दोन्ही शब्द रोज, त्याच माणसांकडून, कधी कधी एकाच वाक्यात वापरले जातात, आणि आजवर गोंधळ झालेला नाही. आशयचा तर तो पहिला शब्द; 'आई'च्या आधीचा. (यशश्रीला हे आवडत नाही.) हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. पण माहीत असणं आणि सुचणं या दोन वेगवेगळ्या खात्यांच्या बाबी आहेत.

मनस्विनी मॅडमनी ऐकलं ते इंग्रजी. त्या हरखून गेल्या. तीन आठवडे उशा चावणारं मूल आपल्या तोंडाने विश्रांती मागत होतं. लगेच त्याला उचलून ओट्सच्या रंगाच्या गादीवर ठेवण्यात आलं. आशय उठून बसला आणि म्हणाला, "बेड." आहे तो बेड त्याला पुरत नसावा, म्हणून खाली दुसरी गादी घालण्यात आली. "बेड," आशय म्हणाला. उशी देण्यात आली. "बेड." पांघरूण. "बेड." पडदे ओढले, दिवा मंद केला, झुळूक थोडी वाढवली. पाचव्या 'बेड'नंतर आशय आडवा झाला. तो छताकडे बघत पडून राहिला. साडेदहाच्या अंकात तो थेट चौपन्नावर गेला.

पुढचं सगळं आपोआप होत गेलं. त्याच्यापुढे काही ठेवलं की तो 'बेड' म्हणे. 'बेड' म्हटलं की त्याला झोपवत. झोपवलं की तो 'बेड' म्हणे. म्हणून आणखी झोपवत. रोजच्या अहवालात एक नवी ओळ आली: 'आस्क्ड फॉर बेड: चौदा वेळा.' मग सतरा. मग एकवीस. अंक सदुसष्ट, एक्याऐंशी, एकोणनव्वद. मी ऑफिसात कॉफीच्या मशिनपाशी तो अंक सहज दिसेल असा फोन धरू लागलो.

यशश्रीही रोज अहवाल वाचायची. एका संध्याकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे उभे होतो. तिच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात मेथी. "बघ ना, आज एकवीस वेळा बेड मागितला म्हणे," ती मला म्हणाली, "किती दमत असेल रे बिचारा." आणि त्याच श्वासात पिशवी उघडणाऱ्या भाजीवाल्याला म्हणाली, "कवर बेड, अण्णा." अण्णांनी प्लॅस्टिकची पिशवी परत खोचून ठेवली. त्यांना पहिल्या खेपेत कळलं. आम्ही मेथी घेऊन घरी आलो.

केंद्रात ही गोष्ट ओळखणारं एक माणूस होतं, हे मला पुढे समजलं. शिवलीला अक्का चिकोडीकडच्या, दोन्ही भाषा घरच्या. मुलांना भरवणं, पुसणं आणि चाचपून मोजणं ही कामं त्यांच्याकडे. 'बेड' सुरू झाल्यावर त्यांनी पहिल्याच आठवड्यात मॅडमना गाठलं.

"मॅडम, पोरगं बेड म्हणायलंय."

"दिलाय की."

"दिलाय म्हणूनच म्हणायलंय."

"मग अजून एक उशी द्या, अक्का. आणि स्वल्प हळू बोला."

दुसऱ्यांदा अक्कांनी थेट 'ते नको म्हणायलंय' असं सांगून टाकलं. त्यांच्या नावापुढचा एक तारा गेला. साप्ताहिक आढाव्यात मॅडमनी त्यांना समजावलं की म्हणणं काहीही असो, ते सकारात्मक भाषेत मांडता आलं पाहिजे. मुळात त्या वाक्यात तेवढा एकच शब्द होता, आणि त्याच्यावरच बंदी. शेवटी अक्का म्हणाल्या, "आपण त्याला जे जे देतोय, ते सोडून बाकी सगळं पाहिजे म्हणायलंय." मॅडमनी ते लिहून घेतलं. त्या आठवड्याच्या अहवालात 'भूक उत्तम' असा शेरा होता.

दरम्यान शब्द पसरला. मुलांना भाषा पटकन येते, विशेषतः जिचा उपयोग होतो ती. 'बेड' म्हटलं की पेज पुढून उचलतात एवढं बाकीच्यांच्या ध्यानात आलं. तनय म्हणू लागला, मग रणवीर, आणि बघता बघता सोळापैकी बारा मुलं दिवसाकाठी सरासरी अठरा वेळा बेड मागू लागली. गाद्या कमी पडल्या. चिकपेटच्या ठोक बाजारातून आणखी आणवल्या. त्या अंथरल्यावर खेळायला जागा उरली नाही, त्यामुळे खेळण्यातून होणारा आवाजही बंद झाला. मॅडमनी या पद्धतीला 'बालप्रणीत विश्रांती' असं नाव दिलं आणि तिच्यावर एका परिषदेत वीस मिनिटं भाषण केलं. श्रोत्यांपैकी काही जण झोपले, ते त्यांनी पुरावा म्हणून दाखवलं.

घरी आशय बदलला. पूर्वी आंघोळीला न्यायचं म्हटलं की तो दाराची चौकट धरून ठेवायचा. आता हात वर करून उभा राहू लागला. भेंडी त्याला मुळीच आवडत नाही. एके दिवशी मी चुकून वाढली, तर त्याने ती मान खाली घालून संपवली. यशश्री त्याच्याकडे बघत राहिली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. ती रडत होती. ते समाधानाचं रडणं असावं असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर तेव्हा ते मलाही पटलं नव्हतं. पण फोनवर चौऱ्याण्णव होते, आणि चौऱ्याण्णव असताना बापाने नेमकी काळजी कसली करायची?

"तो काही मागतच नाही रे हल्ली," यशश्री बाहेर येऊन म्हणाली.

"मागतो की. बेड मागतो," मी म्हणालो.

तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण तेवढ्यात तिचा कॉल सुरू झाला.

नव्वदाव्या दिवशी स्थिरता सोहळा होता. ज्यांच्या जागा कायम झाल्या त्या मुलांचा सत्कार, आणि या एका दिवसापुरती आजी-आजोबांवरची बंदी उठवलेली. सासूबाई येलहंक्याहून दोन बस बदलून आल्या, हिरवंगार इरकल नेसून. दारात एका मुलीने त्यांच्या अंगावर ओट्सच्या रंगाची शाल घातली. सासूबाईंना वाटलं सत्कार आपलाही आहे. त्यांनी ती काढली, घडी केली, पिशवीत ठेवली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

आशयला 'शांतशिरोमणी' ही पदवी होती. मॅडमनी त्याला हाताला धरून पुढे आणलं. टाळ्या वाजवायला परवानगी नसल्यामुळे सगळ्यांनी दोन्ही हात वर करून बोटं हलवली. खोलीभर तेवढीच हालचाल होती. मॅडम खाली वाकून गोड आवाजात म्हणाल्या, "आशय, सगळ्यांना सांग बरं, तुला काय हवंय?"

आशयने आधी पालकांकडे बघितलं. मग त्याला हिरवं लुगडं दिसलं.

"बेड," तो म्हणाला. नव्वद दिवसांत इतक्या मोठ्याने तो पहिल्यांदाच बोलला असेल.

बोटं पुन्हा हलली. दोन मदतनीस गादी घेऊन आल्या. सासूबाई उभ्या राहिल्या.

"अहो बाई, लेकरू बेड म्हणतंय."

"हो आजी, आणलाय ना," एक मदतनीस म्हणाली.

"आणलाय काय? बेड म्हणतंय ते."

"हो, हाच त्याचा आवडता आहे."

सासूबाईंनी तिच्याशी बोलणं सोडून दिलं. त्या पुढे गेल्या, गुडघे दुखतात तरी खाली बसल्या, आणि त्याला जवळ घेऊन विचारलं, "एनु बेड, कंदा? काय काय बेड माझ्या बाळाला?"

गेल्या दोन महिन्यांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. मग त्याने बोट काढलं. गादी: "बेड." उशी: "बेड." स्पीकर: "बेड." पदवीचा कागद: "बेड." मॅडम: "बेड." बोट फिरत फिरत रांगांवरून आलं आणि माझ्यापाशी थांबलं. मी हसून हात हलवला.

"बेड," आशय म्हणाला. मग आजीच्या खांद्यात तोंड घालून रडत म्हणाला, "एल्ला बेड."

सगळंच नको. यशश्रीने तोंडावर हात धरला. मागे भिंतीशी शिवलीला अक्का पदराने डोळे पुसत होत्या. आणखी एक तारा जायच्या भीतीने बोलल्या मात्र काही नाहीत. सासूबाई माझ्या मनाला लागेल असं काही बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, त्याची चप्पल कुठे ठेवलीय?"

मनस्विनी मॅडमचा चेहरा पडला होता, हे नमूद केलं पाहिजे. त्या वाईट बाई नाहीत. तिसऱ्या दिवशी परिपत्रक आलं. त्यानुसार 'बेड' हा शब्द बंदीच्या यादीत बाविसावा म्हणून घालण्यात आला, गादीला यापुढे 'विश्रांती-पृष्ठ' म्हणावं असं ठरलं, आणि आजवर विनंती म्हणून मोजलेले सर्व 'बेड' नकार म्हणून धरून बारा मुलांचे अंक पुन्हा काढण्यात आले. आशय चौऱ्याण्णववरून नऊवर आला. रणवीर शून्याच्या खाली गेला.

यावर पालकांनी जो गोंगाट केला तो नीरव नेस्टच्या भिंतींनी कधी ऐकला नसेल. शनिवारी तातडीची सभा बोलावली. आम्ही आशयला काढून घेण्याची महिन्याची पूर्वसूचना दिलेली असल्याने अजून अधिकृत पालक होतो, म्हणून गेलो. एका आईने विचारलं की शेजाऱ्यांना सत्याऐंशी सांगून झालेत, आता काय तोंड दाखवायचं. एका वडिलांनी मुद्दा मांडला की शब्दाचा अर्थ मुलाने ठरवायचा की सज्ञान माणसांनी, हा मूलभूत प्रश्न आहे. तीन तासांच्या चर्चेनंतर ठराव मांडला गेला: 'सदर केंद्राच्या आवारात व कामकाजाच्या वेळेत बेड या शब्दाचा अर्थ बेड असाच धरण्यात यावा.' हजर एकतीस, बाजूने सत्तावीस, विरुद्ध तीन, तटस्थ एक. शिवलीला अक्का पाणी देत असल्याने त्यांना मत नव्हतं. यशश्री विरुद्ध होती. माझं मत कोणत्या बाजूला गेलं हे सांगायला मी बांधील नाही. (आपल्या मुलाचे चौऱ्याण्णव तसेच राहावेत असं कुठल्या बापाला वाटणार नाही?)

आता आशय येलहंक्याला असतो. सोमवार ते शुक्रवार. घरावरून हवाई दलाची विमानं जातात, तेव्हा तो गच्चीत उभा राहून त्यांच्यावर ओरडतो. आजीची भांडी बडवतो. दूध, आंघोळ, स्वेटर, टोपी, शेजारच्या काकूंचा पापा, सगळ्याला 'बेड' म्हणतो, दिवसातून चाळीसेक वेळा तरी. सासूबाई मोजत नाहीत. शेवटचा 'अ' आता फुटलाय. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही त्याला न्यायला जातो. तो गाडीच्या दाराशी थांबतो, माझ्याकडे बघतो आणि स्पष्ट शब्दांत, व्याकरणात एकही चूक न करता, तेच म्हणतो. पाच-दहा मिनिटं समजूत घालावी लागते. रविवारी परत जाताना मात्र स्वतःहून चढून बसतो. मला ते फार लागतं. पण भाषा शिकला, हेही खरं.

हा सगळा वृत्तान्त मी आतापर्यंत एकोणीस जणांना सांगितला आहे. ऑफिसात, लिफ्टमध्ये, एकाच्या बारशात. सगळे खळखळून हसले. आशयने माझ्याकडे बोट दाखवलं त्या ठिकाणी काहींचे डोळे भरून आले, एकीने तर माझा हात हातात घेतला. मग दोन मिनिटं गेली की आवाज जरा खाली आणून एकोणिसांपैकी सतरा जणांनी मला विचारलं, "म्हणजे ती जागा आता रिकामी झाली का हो?" उरलेल्या दोघांना मुलं नाहीत.

आपणही इथवर शांतपणे वाचत आलात, मध्ये दोन-चारदा हसलातही असाल, आणि आता जे विचारणार आहात ते माझ्या लक्षात आलंय. संकोच नको. जागा रिकामी आहे, महिनाअखेरपर्यंत धरून ठेवायची मी विनंती करू शकतो. मॅडम माझा शब्द मोडणार नाहीत. नाव, वय आणि रक्तगट तेवढा कळवा. मुलाला विचारत बसू नका, ते काहीतरी भलतंच म्हणेल.